चौदा ठिकाणं, एक दिवस आणि मुगभाट

ताई, नमस्कार. मी नाशिकहून लिहितेय. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी आम्ही एका दिवसासाठी गाडी घेऊन मुंबई बघायला येतोय. मी, आमचे हे, सासूबाई (वय ७२, दोन्ही गुडघे धरलेले), तेरा वर्षांचा मुलगा, ज्याला क्रिकेटशिवाय काही सुचत नाही, आणि सहा वर्षांची मुलगी, जिला घाटात गाडी लागते. यांनी कॉम्प्युटरवर तक्ता केलाय. गेटवे, ताज, घारापुरी, म्युझियम, सीएसएमटी, राणीबाग, हँगिंग गार्डन, मणिभवन, हाजीअली, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, सी-लिंक, अँटिलिया आणि जुहू. चौदा ठिकाणं, प्रत्येकी पंचवीस मिनिटं. मागच्या वर्षी संभाजीनगर असंच उरकलं. वेरूळ, देवगिरी, मकबरा, पाणचक्की, सगळं एका दिवसात. येताना गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सासूबाईंचे पाय सुजले होते. मुलाला विचारलं काय आवडलं, तर म्हणाला, ‘उसाचा रस.’ सासूबाईंचं माहेर गिरगावातलं, मुगभाटातलं. पण कुठे जायचं विचारलं की म्हणतात, ‘मला काय, कुठेही चालेल.’ यांच्याशी वाद न घालता हा दिवस नीट कसा पार पडेल? मला स्वतःला म्हणाल तर कुणी हाक न मारता बसून एक चहा मिळाला तरी पुरे.
एक वाचक, नाशिक

नमस्कार,

आधी तारीख बदला. बाकीचं सगळं त्यानंतर. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबईत मॅरेथॉन असते आणि तिचा मुक्काम सीएसएमटी-आझाद मैदानाच्याच आसपास असतो. पहाटेपासून दक्षिण मुंबईतले मुख्य रस्ते गाड्यांना बंद असतात. तुम्ही नाशिकहून अंधारात निघून इथे पोहोचाल आणि दुपारपर्यंत हजारो लोकांना धावताना बघत गाडीत बसाल. त्यापेक्षा दुसरा रविवार धरा. महिनाअखेरीला ढकलू नका, कारण तेव्हापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत काळा घोडा परिसरात कला महोत्सव भरतो आणि म्युझियमच्या रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते. वार मात्र रविवारच ठेवा. फोर्ट हा ऑफिसांचा भाग. इतर दिवशी तिथे माणसांचा लोंढा असतो, रविवारी सकाळी तोच भाग इतका मोकळा असतो की गल्ल्यांत पोरं स्टंप मांडतात.

आता तक्ता. चौदा गुणिले पंचवीस म्हणजे तीनशे पन्नास मिनिटं, सहा तासांना दहा मिनिटं कमी. कागदावर बसतं. पण चौदा ठिकाणांच्या मध्ये तेरा प्रवास आहेत, त्यांचा रकाना यजमानांनी केलेला दिसत नाही. पार्किंग शोधायचं, सगळ्यांना उतरवायचं, सासूबाईंची काठी मागच्या सीटखालून काढायची, मुलीचा बूट शोधायचा, सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहायचं, परत सगळ्यांना कोंबायचं. एका उतरण्याचढण्याला अर्धा तास सहज जातो. घारापुरीला तर गेटवेवरून नुसतं पोहोचायलाच लाँचने तासभर लागतो, वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या. तिथे पंचवीस मिनिटं लिहिणाऱ्या माणसाचा आशावाद मला आवडला, पण सासूबाईंचे गुडघे माझ्या बाजूने आहेत. घारापुरी कापा. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजीअली यांना रविवारच्या गर्दीत घड्याळ लावून जाऊ नका, दर्शनासाठी वेगळे या. जुहू दुसऱ्या टोकाला आहे. आणि अँटिलिया रस्त्यावरून दिसतं तेवढंच दिसतं, त्याला थांबा कशाला?

मात्र यजमानांना यातलं काही ‘ताईंनी सांगितलंय’ म्हणून ऐकवू नका. ज्याने रात्री जागून तक्ता केला त्याला तो चुकलाय हे बायकोने वर्तमानपत्र वाचून सांगावं, हे कुणालाच रुचत नाही. त्यांना एवढंच विचारा: या यादीतलं आईंचं ठिकाण कोणतं? पोराचं कोणतं? मी तुमचं पत्र दोनदा वाचलं. चौदांत गिरगाव नाही. घरात एक माणूस आहे जे या शहरात वाढलंय, ज्याला इथल्या बोळांची नावं पाठ आहेत, आणि तेच मधल्या सीटवर पाहुण्यासारखं बसणार आहे.

‘मला काय, कुठेही चालेल’ हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून इतकं ऐकलंय की त्याचं भाषांतर मला येतं. आपल्यामुळे कुणाची गैरसोय नको, आणि आपण मागितलं नि कुणी ‘तिथे काय आहे बघण्यासारखं?’ म्हणालं तर ते ऐकायला नको. म्हणून ‘कुठे जायचं’ असं विचारूच नका. भाजी निवडताना विचारा, शाळा कुठली होती, घरून किती वेळ लागायचा, वाटेत काय काय होतं. सहज बोलत्या होतील. आणि याच गप्पांत हेही काढून घ्या की त्यांची चाळ अजून उभी आहे का. गिरगावात पुनर्विकासात आणि भुयारी मेट्रोच्या कामात बऱ्याच जुन्या इमारती गेल्या. तिथे जाऊन अचानक काचेचा टॉवर बघणं आणि आधी कळून, मनाची तयारी करून बघणं, यात फार फरक आहे. एखादी मावसबहीण, वहिनी अजून त्या भागात असेल तर फोन करून ठेवा. सासूबाईंना न सांगता केलात तरी चालेल.

आता दिवस कसा लावायचा ते सांगते. मी मुंबईकर आहे, त्यामुळे पाहुण्यांना मुंबई दाखवण्याचा मला आयुष्यभराचा अनुभव आहे, आणि त्यातला निम्मा वाईट आहे. कोल्हापूरचे मामेभाऊ सहकुटुंब आले होते तेव्हा ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून काळा घोड्याजवळ कडेला गाडी लावायला मीच सांगितलं. परत येतो तर गाडी नाही. टोइंगवाल्यांनी उचललेली. दंड भरून ती सोडवून आणेपर्यंत दोन तास गेले आणि तेवढा वेळ सहा माणसं फूटपाथवर बसून पिशवीतलं भडंग खात होती. वहिनी अजून मुंबई म्हटलं की भडंगाचीच आठवण काढतात. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासूनचा माझा नियम: गाडी शहरात आणायची, पण फार फिरवायची नाही. पांढऱ्या पट्ट्यांच्या आत, पावती घेऊनच उभी करायची, आणि एकदा मुख्य जागी लावली की दुपारपर्यंत तिचं नाव काढायचं नाही.

पहाटे साडेचारला निघा. मुलीसाठी इगतपुरीपासून समृद्धी महामार्गावर चढा. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि त्यातल्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसाऱ्याची वळणं टळतात. टोल पडतो, पण गाडीत उलटी झाल्यावर पुढे तीन तास जो वास येतो त्यापुढे तो स्वस्त आहे. तिला निघताना दूध देऊ नका, नुसती कोरडी पोळी किंवा खाकरा द्या, आलेपाकाची वडी हाताशी ठेवा, आणि मागच्या सीटवर नको, मधल्या सीटवर बसवा. आमण्याला उतरलात की पुढे भिवंडी-ठाण्याचा रस्ता आणि ट्रक आहेतच, त्यावर माझ्याकडे औषध नाही. मुलुंडच्या नाक्यावर लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. चेंबूरला ईस्टर्न फ्रीवेवर चढलात की शहराच्या डोक्यावरून थेट पी. डिमेलो रोडला उतरता, तिथून सीएसएमटी हाकेच्या अंतरावर. आठपर्यंत पोहोचाल.

सीएसएमटी आत शिरून बघायची घाई करू नका. आधी समोर, महापालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर उभे राहा. दोन्ही इमारती एकाच माणसाच्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या. स्टेशनचं बांधकाम १८७८ ला सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. महापालिका १८९३ ची. मुलीला स्टेशनच्या फाटकाचे दोन खांब दाखवा. एकावर सिंह बसलाय, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. मग तिला सांगा, भिंतींवर आणखी प्राणी लपलेत, शोध. माकडं आहेत, खारी आहेत, मोर तर मोठाच आहे. ही नक्षी जे. जे. कला महाविद्यालयाच्या तेव्हाच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहे. घड्याळाखालचा कोनाडा रिकामा दिसेल, तिथे व्हिक्टोरिया राणी होती, स्वातंत्र्यानंतर उतरवली. मग लोकलच्या तिकीटखिडक्यांच्या दालनात जा आणि वर बघा. निळ्या छतावर सोनेरी तारे. रोज लाखो लोक त्याखालून जातात आणि मान वर करायला एकालाही वेळ नसतो. मलाही ते छत पहिल्यांदा दिसलं ते एका गुजराती पाहुणीने बोट दाखवलं तेव्हा.

यजमानांसाठी एक गंमत ठेवते. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे कोरलेत, त्यांत नाना शंकरशेट आहेत. गोऱ्यांच्या रांगेतली पगडी शोधायला सांगा. १६ एप्रिल १८५३ ला इथूनच, जुन्या बोरीबंदरहून, पहिली प्रवासी गाडी ठाण्याला गेली. चौदा डबे आणि तीन इंजिनं, साहिब, सिंध, सुलतान. चौदा हा आकडा यजमानांना शुभ वाटेल.

तिथून गाडीने दोन मिनिटं पुढे आलं की आझाद मैदान. हे तुमच्या मुलाचं. यादीत नाही कारण बघण्यासारखं काही नाही; मैदान आहे, जाळ्या आहेत, पांढऱ्या कपड्यांतली पोरं आहेत, एकाच वेळी इतके सामने चाललेले असतात की एकाचा फिल्डर दुसऱ्याच्या पिचवर उभा असतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागी केली ती या मैदानावर. सचिन तेव्हा चौदा वर्षांचा होता. तुमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला कुणी काही सांगण्याची गरज नाही, नुसतं जाळीपाशी उभं राहू द्या. मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना दिसेल. भारतात खेळला गेलेला पहिला कसोटी सामना तिथला, डिसेंबर १९३३, आणि लाला अमरनाथांनी भारताचं पहिलं कसोटी शतक तिथेच ठोकलं, ११८. आत सभासदांनाच सोडतात, कुंपणाबाहेरून बघायचं. त्याला तिथे अर्धा तास द्या आणि मोबाईल काढला तर हटकू नका, फोटोच काढत असेल.

तेवढ्या वेळात तुमचा चहा. मैदानाच्या उत्तरेला, मेट्रो सिनेमाच्या चौकात, धोबीतलावला इराणी हॉटेलं आहेत. कयानी तिथलं, १९०४ पासूनचं. यजमान मुलाबरोबर मैदानावर थांबतील, तुम्ही सासूबाई आणि मुलीला घेऊन पुढे व्हा. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, चौकडीचं टेबलक्लॉथ, ब्रूनमस्का. ब्रून पाव कडक असतो, सासूबाईंच्या दातांना झेपणार नाही, त्यांच्यासाठी बनमस्का मागवा आणि चहात बुडवून खा म्हणावं. मुलीपुढे खारीची बशी ठेवा, ती पापुद्रे मोजत बसेल. मग तुमची दहा मिनिटं. सासूबाई बोलल्या नाहीत तर तुम्हीही बोलू नका.

एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण पुरुषांच्या तक्त्यात ती कधीच नसते. साठीच्या पुढच्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. तहान लागत नाही म्हणून नाही, मोरी कुठे मिळेल याची खात्री नसते म्हणून. संभाजीनगरला सासूबाईंचे पाय सुजले, त्यात दिवसभर गाडीत पाय लोंबकळत ठेवून बसण्याचा वाटा मोठा असेल, पण त्या दिवशी त्यांनी किती पाणी प्यायलं तेही आठवून बघा. म्हणून थांबे ठरवताना मी आधी स्वच्छतागृह बघते आणि मग इतिहास. हॉटेलात चहा घेतला की तिथे, नंतर म्युझियममध्ये, दुपारी जेवणाच्या जागी. हे त्यांना सकाळीच सांगून टाका, ‘अमुक वाजता अमुक ठिकाणी सोय आहे.’ बाटली आपोआप रिकामी होईल.

साडेनऊच्या सुमारास गाडी म्युझियमच्या बाजूला लावा आणि सासूबाईंसाठी टॅक्सी करून गेटवे गाठा. पाच जणांत टॅक्सीला चौघंच बसतात, एकाने चालायचं. अंतर थोडं आहे, यजमान चालतील. गेटवेवर त्यांना बोलू द्या, हे त्यांचं ठिकाण. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ च्या डिसेंबरात इथे उतरले त्यांच्या स्वागताची ही कमान, पण राजाला पुठ्ठ्याची प्रतिकृतीच बघायला मिळाली. पायाभरणी मार्च १९१३ ला आणि कमान पुरी झाली १९२४ ला. म्हणजे पाहुणे येऊन, जेवून, घरी पोहोचून तेरा वर्षं झाल्यावर मांडव उभा राहिला. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडून बोटीत बसली. समोर घोड्यावर शिवाजी महाराज आहेत, १९६१ च्या प्रजासत्ताक दिनी तो पुतळा बसला. ताज तिथेच शेजारी आहे, ते १९०३ चं, म्हणजे गेटवेपेक्षा वयाने मोठं. हे ऐकून मुलं नेहमी दचकतात. समोरून बघा, वेगळं ठिकाण म्हणून मोजू नका. दहानंतर तिथे फोटोवाले आणि फुगेवाले घेरतात, त्याआधी निघा.

म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, सव्वादहाला उघडतं. वास्तुकार गेटवेचाच, जॉर्ज विटेट. इमारत होऊन तयार होती तेव्हा पहिलं महायुद्ध पेटलं, तिचं लष्करी इस्पितळ झालं, आणि लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ मध्ये. सगळं बघायला जाऊ नका, दोन दिवस पुरणार नाहीत. मुलाला शस्त्रांच्या दालनात न्या, अकबराचं चिलखत आणि ढाल आहे. बाकी मुलं म्हणतील तिकडे. चाकाची खुर्ची मिळते का ते तिकीटखिडकीवर विचारा आणि सासूबाई ‘मला नको बाई’ म्हणाल्या तर मुलीला मांडीवर बसवून घ्यायला सांगा, मग नाही म्हणत नाहीत. कंटाळल्या तर बाहेर बागेत झाडाखाली बाक आहेत. बाहेर पडताना मुलगी विचारेल, काळा घोडा कुठाय? खरा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, १९६५ मध्ये राणीबागेत हलवला. आता चौकात आहे तो २०१७ चा, त्याच्यावर स्वार नाही.

साडेबाराला हुतात्मा चौक. इथे पाच मिनिटंच, पण मुद्दाम. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या मोर्चावर इथे गोळीबार झाला, पंधरा माणसं गेली. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार त्यांच्यासाठी उभे आहेत. पुढे १ मे १९६० ला राज्य झालं. सासूबाई आज ७२ च्या, म्हणजे तेव्हा सहा-सात वर्षांच्या असणार, तुमच्या मुलीएवढ्या. ते दिवस त्यांना आठवतात का, हे मुलीला विचारू द्या. सुनेने विचारलं तर ‘लहान होते गं’ म्हणून सोडून देतील, नातीला सांगतील.

आता या दिवसातला माझा आवडता भाग. गाडी म्युझियमपाशीच राहू द्या. हुतात्मा चौकाला भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे, लिफ्ट आहे. तिसरं स्टेशन गिरगाव. मध्ये सीएसएमटी आणि काळबादेवी. काही मिनिटांचा प्रवास, गारेगार. ज्या गिरगावात सासूबाई पायी फिरल्या, ट्राममध्ये बसल्या असतील (मुंबईची शेवटची ट्राम मार्च १९६४ मध्ये बंद झाली), त्या गिरगावच्या पोटातून त्या येतील आणि सरकत्या जिन्याने किंवा लिफ्टने वर निघतील. वर आल्यावर बहुधा त्यांना दिशा कळणार नाही. एक मिनिट गोंधळतील. घाई करू नका, मोबाईलवर नकाशा उघडून ‘आई, इकडे’ म्हणू नका. यजमानांना आधीच बजावून ठेवा. एखादी पाटी, एखादं देऊळ, एखादा कोपरा ओळखीचा सापडेल, आणि मग त्या तुमच्या पुढे चालायला लागतील. गुडघे वगैरे त्या वेळी आड येत नाहीत, हे मी बघितलंय. माझ्या आईला मी ती वाढली त्या लालबागच्या गल्लीत नेलं तेव्हा तिने माझा हात सोडला होता.

जेवण तिथेच. गिरगावात मराठी जेवणाच्या खाणावळी आणि उपाहारगृहं अजून आहेत, निवड सासूबाईंची, आणि शेवटी पणशीकरांचं पियूष. नंतर त्या नेतील तिथे. दाखवायला मुद्दाम काही हवंच असेल तर खोताची वाडी आहे, लाकडी जिने आणि गॅलऱ्यांची जुनी घरं, एवढ्या गजबजाटात एखादं कोकणातलं गाव विसरून राहिल्यासारखी. केशवजी नाईकांच्या चाळी आहेत, मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव तिथे १८९३ मध्ये बसला. पण मी त्यांना यादी देणार नाही, तुम्हीही देऊ नका. मुगभाटाच्या बोळात उभं राहून एका खिडकीकडे बोट दाखवून त्यांनी ‘इथून आम्ही पत्र्यावर उड्या मारायचो’ म्हटलं, तर तेवढा वेळ तिथे थांबायचं. मुलगा ऐकत असेल. ऐकत नाही असं दाखवेल.

तीनच्या पुढे यजमानांना मेट्रोने गाडी आणायला पाठवा. अर्धा-पाऊण तास एकटे जातील, त्यांनाही तेवढा मोकळा वेळ लागतोच, कबूल करत नाहीत. गाडी आली की कमला नेहरू पार्क, म्हातारीच्या बुटासाठी, म्हणजे तिथल्या बुटाच्या आकाराच्या घरासाठी. हे मुलीचं. तुमच्या यादीतलं हँगिंग गार्डन समोरच आहे, रस्ता ओलांडला की. ते पाण्याच्या टाकीवर उभारलेलं आहे एवढं सांगून मुलाला चकित करता येईल. पार्कातून खाली चौपाटी आणि मरिन ड्राइव्हची कमान एका नजरेत दिसते, म्हणजे ते वेगळं बघायची गरजही निम्मी संपते. ऊन उतरल्यावर गिरगाव चौपाटी. लोकमान्यांना १ ऑगस्ट १९२० ला निरोप दिला तो याच वाळूवर, पुतळा तिथे आहे. भेळ खा, पाय बुडवा, सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळताना कठड्यावर बसा. पावणेसातला निघा. रविवारी संध्याकाळी कोंडी असते ती बहुतेक मुंबईत परतणाऱ्यांची, तुम्ही उलट्या दिशेने जाणार, तेवढा फायदा घ्या. रात्रीचं जेवण बाहेर शोधू नका. दहीभाताचा डबा बरोबर ठेवा आणि शहापूरच्या आसपास गाडी थांबवून खा, मुलं त्यानंतर नाशिकपर्यंत उठत नाहीत.

राणीबाग, मणिभवन, सी-लिंक राहिले. राहू देत. यजमानांच्या तक्त्यात ते ‘पुढच्या वेळी’ या रकान्यात टाका, तक्ता पुसला नाही, वाढवला असं होईल.

आणि समजा मुगभाटात कुणी जुनी मैत्रीण गॅलरीत दिसली आणि तिने सगळ्यांना वर चहाला बोलावलं, तर बूट, चौपाटी, सूर्यास्त सगळं रद्द. मुलीला काय सांगायचं ते सासूबाई बघतील. यजमानांना गाडी आणायला पाठवलेलंच असेल.